अलकनंदेच्या काठाने बद्रीनाथला

प्रिय सदाशिव,
स. न. वि. वि.

ऋषिकेश ते बद्रीनाथ हे अंतर जेमतेम 300 किलोमीटर असताना प्रवासाला दोन दिवस कशाला हवेत, असे तू विचारले आहेस. हा राष्ट्रीय महामार्ग देवप्रयागपर्यंत गंगेच्या आणि तिथून थेट वरपर्यंत अलकनंदेच्या खोऱ्यातून जातो. डोंगराच्या धारा एकामागून एक ओलांडण्यापेक्षा नदीच्या चढाने जाणे सोपे, म्हणून वाट आखणाऱ्यांनी तिचा काठ धरला, पण त्याबरोबर तिची सगळी वळणेही पत्करली.

तेव्हा मैलाचे दगड मोजू नकोस, संगम मोज. जिथे एखादी नदी येऊन मिळते, तिथे बहुधा तिच्या खोऱ्यातला रस्ताही येऊन मिळतो: रुद्रप्रयागला मंदाकिनीकाठचा केदारनाथचा, कर्णप्रयागला पिंडरच्या बाजूने ग्वालदमकडून येणारा.

श्रीनगर (गढवालचे, काश्मीरचे नव्हे) सोडल्यावर सिरोबगडला आमची गाडी दीड तास अडकली. तिथे वर डोंगर कापलेला, खाली नदी पायथा पोखरते आहे आणि मधल्या पट्टीवर रस्ता. जेसीबी दरडीची माती बाजूला सारत होते. आमच्या चालकाने इंजिन बंद केले, काच खाली घेतली आणि तो नुसता ऐकत बसला. मोठा दगड येण्याआधी बारीक खडे टपटपतात, असे त्याचे म्हणणे.

एका ठिकाणी मात्र रस्ता नदीला सोडतो. हेलंगनंतर तो चढत सुमारे 1,890 मीटर उंचीवरच्या जोशीमठाला जातो आणि विष्णुप्रयागला, जिथे धौलीगंगा मिळते, पुन्हा पाण्याजवळ उतरतो. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, तिथे अवजड बांधकामे नकोत, असे मिश्रा समितीने 1976 सालीच बजावले होते. जानेवारी 2023 मध्ये घरे तडकू लागली, तेव्हा तो अहवाल पुन्हा सर्वांच्या तोंडी आला. एका कुलूपबंद घराच्या पायरीला हात आत जाईल एवढी भेग मी पाहिली. कोणीतरी ती सिमेंटने बुजवली होती, आणि ते सिमेंटही मधोमध चिरले होते.

पावसाळ्यात निघू नकोस. देवप्रयागला मात्र अवश्य उतर. भागीरथी आणि अलकनंदा यांचे दोन रंगांचे पाणी घाटाच्या पायरीवरून अगदी जवळून दिसते. आणि चालकाने वाटेत काच खाली घेतली, तर त्याच्याशी बोलू नकोस.

कळावे,
तुझा,
माधव