अठराव्या वर्षानंतरची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न.

मुलांसाठीच्या सरकारी सेवा सुधारण्याची चर्चा अंगणवाडी, पोषण आहार आणि शाळा यांच्यापुढे सहसा जात नाही. या सेवा सुधारायलाच हव्यात. पण बालगृहात वाढलेली मुले अठरा वर्षांची झाली की त्यांचे पुढे काय होते, याची विचारपूस फारशी कोणी करत नाही. ज्यांना आईबाप आहेत, त्यांना कोणी अठराव्या वाढदिवसाला सामान आवरायला लावत नाही. ज्यांचे पालकत्व सरकारने घेतले, त्यांना मात्र बाहेर पडावे लागते, मग बारावीची परीक्षा तोंडावर का असेना!

कायद्यात सोयच नाही, असे नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक साहाय्य देता येते. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, मुदत वयाच्या २१ वर्षांपर्यंत असून नियमांत अपवाद म्हणून आणखी दोन वर्षांची मुभा आहे. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. शहरात एवढ्यात खोलीभाडे तरी सुटते का, हा प्रश्न वेगळाच. खरी अडचण ही की कलम ४६ ने हे साहाय्य बंधनकारक केलेले नाही. त्यामुळे ते मिळणे उपलब्ध निधीवर आणि अधिकाऱ्याच्या तत्परतेवर अवलंबून राहते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, ही मोठी गोष्ट. पण राहण्याची सोय नाही म्हणून ज्याचे शिक्षणच सुटले, त्याला त्याचा काय उपयोग?

इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने अशा तरुणांना पंचविसाव्या वर्षापर्यंत स्थानिक प्रशासनाकडून सल्लागार मागता येतो. घरमालक अनामत मागतो, कॉलेज पालकांची सही मागते, अशा वेळी हक्काने फोन करता येईल असे एक माणूस असणे पैशांइतकेच मोलाचे असते.

आपल्याकडे निदान शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत कोणालाही बाहेर काढू नये. अनाथ प्रमाणपत्र, आधार, बँक खाते ही कामे सोळाव्या वर्षीच हाती घ्यावीत. कागदपत्रे पूर्ण नसताना मुलाला निरोप देणाऱ्या संस्थेला जाब विचारला जावा. शिवाय बालगृहांत किती मुले आहेत, एवढेच सांगून महिला व बालविकास विभागाने थांबू नये. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण एकविसाव्या वर्षी शिकत आहेत, किती कमावते झाले आणि कितींचा पत्ताच लागत नाही, हेही दरवर्षी जाहीर करावे.

– एक वाचक