नाबोथाचा खून एकट्या ईजबेलच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इस्राएलच्या प्राचीन राजांवर लेखमाला सुरू आहे, ती मी नेमाने वाचतो. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळते याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अहाब राजावरचा लेख वाचून राहवले नाही. लेखकाने अहाबला बायकोच्या मुठीतला, लेचापेचा राजा ठरवले आणि त्याच्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीतले सगळे पाप सीदोनहून आलेल्या ईजबेल राणीच्या पदरात टाकले. अहाबच्या ताकदीवर आणि द्राक्षमळ्यासाठी ज्याचा खून झाला त्या नाबोथ शेतकऱ्यावर, दोघांवरही यात अन्याय झाला आहे.

आधी ताकदीचे पाहू. तुर्कस्तानात कुर्ख येथे १८६१ मध्ये सापडलेला अश्शूरी शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. ८५३ मध्ये ओरोंटेस नदीकाठच्या कर्कार येथे अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याला अडवायला राजांची एक आघाडी उभी राहिली, त्यांच्या फौजांची यादी त्यात कोरली आहे. दिमिष्कचे (दमास्कसचे) १,२०० रथ, हमाथचे ७००, एका अरब सरदाराचे १,००० उंट आणि ‘इस्राएली अहाब’चे २,००० रथ व १०,००० शिपाई. रथांचा आकडा फुगवलेला असावा असे काही अभ्यासक मानतात. तरी शत्रूच्या यादीत सर्वांत जास्त रथ ज्याच्या नावावर आहेत, त्याला दुबळा कसे म्हणावे? या लढाईचा बायबलमध्ये उल्लेखच नाही. अहाबचा हस्तिदंती वाडा मात्र तिथे एका ओळीत येऊन जातो, आणि त्याची राजधानी शोमरोन हिच्या उत्खननात हस्तिदंतावरच्या कोरीव कामाचे शेकडो तुकडे निघाले आहेत.

शिवाय ज्या बायबलने अहाबला आधीच्या सर्व राजांहून वाईट म्हटले, त्यानेच त्याच्या दोन गोष्टी जपून ठेवल्या. दुष्काळात घोडी-खेचरे मरू नयेत म्हणून राजा आणि त्याचा कारभारी ओबद्या देश वाटून घेतात आणि झरे-ओढे धुंडाळत गवत शोधायला निघतात, एका वाटेने राजा, दुसऱ्या वाटेने कारभारी. आणि रामोथ-गिलादच्या लढाईत चिलखताच्या सांध्यात बाण घुसल्यावरही त्याला शत्रूसमोर रथात उभे धरून ठेवले होते. संध्याकाळी तो गेला.

आता नाबोथाकडे वळतो. लेखात त्याला दोनच वाक्ये मिळाली, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. इज्रेलला राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बदली मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत. व्यवहार म्हणून यात वावगे काही नव्हते. पण वाडवडिलांचे वतन विकायचे नाही, असे नाबोथाने तोंडावर सांगितले. जमीन देवाची आहे, ती कायमची विकू नये, असे तोरा, म्हणजे आमचे धर्मशास्त्र, सांगते. दोन हजार रथांच्या धन्याला एका शेतकऱ्याने नाही म्हटले आणि राजाला मुकाट्याने परत फिरावे लागले. त्या काळच्या किती राज्यांत असे घडू शकले असते?

राजा तोंड फिरवून निजला, जेवेना. मग ईजबेलने पत्रे लिहिली, हे खरेच. पण ती अहाबच्या नावाने लिहिली आणि त्यांवर शिक्का अहाबचा होता. गावच्या वडीलधाऱ्यांनी उपास जाहीर केला, नाबोथाला मानाच्या जागी बसवले आणि दोन गुंडांना समोर आणून त्याने देवाला व राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष देववली. दोन साक्षीदार हवेत म्हणून दोन! कायद्यात कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. गावाबाहेर नेऊन त्याला दगडांनी मारले. गावातला एकही प्रतिष्ठित माणूस उठून बोलला नाही. शिक्का कसा वापरला गेला हे अहाबने विचारले नाही. नाबोथ मेला एवढे कळताच तो उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला गेला.

आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरी मलिदा हा विधी होतो तेव्हा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेतात. अलिबागजवळ सागावला खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे अशी आमची श्रद्धा आहे. कर्मेल डोंगरावर त्यांच्या प्रार्थनेने उतरलेला अग्नी लहानपणापासून सर्वांना पाठ असतो. पण एलियाहू त्या मळ्यातही गेले, आणि ‘खून करून वर मालमत्ताही घेतलीस का’ हे त्यांनी अहाबला विचारले. ईजबेलने त्याला चिथावले, हे त्या अध्यायात आहेच, पण त्याच वाक्यात त्याने स्वतःला दुष्कर्मासाठी विकून टाकले असेही म्हटले आहे. ईजबेलची शिक्षा तिथे वेगळी सांगितली आहे. तिच्या आड अहाबला लपवायची सोय मूळ ग्रंथाने ठेवलेली नाही, ती लेखकाने का ठेवावी? हुकूम सुटला की सही कोणाची ते विसरायचे आणि घरच्या बाईला बोल लावायचा, ही सवय आपल्याकडेही काही कमी नाही.

आणखी एक विनंती. लेखमालेत पुढे इस्राएलचा नंतरचा राजा येहू याच्यावर लेख येणार असेल तर शल्मनेसरच्या काळ्या स्तंभाचे छायाचित्र जरूर छापावे. अश्शूरी राजापुढे जमिनीला डोके टेकवलेली आकृती येहूची किंवा त्याच्या दूताची मानतात. वर मजकूर आहे ‘अम्रीचा पुत्र येहू’. अम्री हा अहाबचा बाप, आणि त्याच घराण्याचा येहूने निर्वंश केला होता. लेखकाने ही भानगड उलगडून सांगितली तर आम्हा वाचकांना हवीच आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, अलिबाग