कार्यशाळा ठरवताना पंचांग बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या गावात कांदळवन (खाडीच्या खाऱ्या चिखलातलं जंगल) संवर्धनाची एक दिवसाची कार्यशाळा झाली. गाव दापोली तालुक्यातलं, दाभोळ खाडीच्या काठावरचं. निमंत्रणपत्रिकेवर विषय होता ‘स्थानिक महिला व मच्छीमारांचे प्रशिक्षण’. वेळ सकाळी साडेआठ, स्थळ ग्रामपंचायतीचं सभागृह. बॅनर होता, प्रोजेक्टर होता, टोप्या होत्या, उपमाही गरम होता. फक्त ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, त्या बायकांपैकी एकही आली नव्हती.

त्या दिवशी वद्य तृतीया होती. खाडीकाठच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला आणि पाणी पुरतं उतरलेलं सकाळी आठच्या सुमारास. त्यातून पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे ओहोटी चांगली लांब गेलेली. महिन्यातून असे मोजके दिवस मिळतात आणि त्या दिवसांत चिखलातले मुळे आणि कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढले तर चार पैसे होतात. मी एकीला वाटेत विचारलं, “कार्यशाळेला येणार ना?” ती टोपली सावरत म्हणाली, “मास्तर, पाणी तुमच्या भाषणासाठी थांबतं का?”

शेवटी सभागृह भरायला सातवी-आठवीची चाळीस मुलं आणली. ‘महिला सहभाग’ म्हणून अंगणवाडीच्या बाईंना आणि बचत गटाच्या दोघींना पुढच्या रांगेत बसवलं, त्यांचा फोटो काढला. अहवालात तो छान दिसेल.

व्याख्यान द्यायला आलेला तरुण अभ्यासू होता, हे मान्य करायला हवं. पण तो ज्याला ‘एव्हिसेनिया’ म्हणत होता ते आमचं तिवर, हे मुलांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पडद्यावरची छायाचित्रंही सुंदरबनातली. त्याने विचारलं, राज्याचा कांदळवन वृक्ष कोणता? एक मुलगा म्हणाला, आंबा. सगळे हसले. पांढऱ्या चिप्पीला हा मान २०२० साली मिळाला, आणि तीच चिप्पी सभागृहापासून दोनशे पावलांवर उभी आहे. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्याकडे येतात, सकाळी खाली पांढऱ्या केसरांचा सडा पडलेला असतो. तिवराचं पान जिभेला लावलं की खारट लागतं, कारण ते झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. यातलं एकही सांगायला वीज लागत नाही. चिखलात उतरावं मात्र लागतं.

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे दोष आमच्याही पदरात घालतो. विषयाचं नाव ‘परिसर अभ्यास’, आणि आम्ही तो चार भिंतींत बसून शिकवला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पर्यावरण शिक्षण सगळ्या इयत्तांना सक्तीचं करायला सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे काय वाढलं असेल तर स्टेशनरीच्या दुकानातली तयार चित्रांची विक्री. मुलं ‘माझ्या परिसरातील पक्षी’ या प्रकल्पवहीत पेंग्विन चिकटवून आणायची आणि मी त्याला दहापैकी आठ गुण दिलेले आहेत.

लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवायच्या वहीचं, तसंच. २००२ च्या कायद्याने गावागावांत समिती नेमून ही नोंदवही गावकऱ्यांनी करायची आहे. आमच्या गावची नोंदवही बाहेरच्या माणसांनी दोन दिवसांत भरली आणि ती आता कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारण्यात माझे दोन सोमवार गेले.

हे असंच चालायला हवं असं नाही, आणि उदाहरण शोधायला फार लांब जायची गरज नाही. शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासवांचं काम सुरू केलं, तेव्हा ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी उकरून अंडी नेली जात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, ती ओळीने लंपास. संस्थेने गावातलीच माणसं हाताशी धरली. पहाटे पुळणीवरून चालत माग काढणं, अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरणं, पन्नास-पंचावन्न दिवस राखण करणं, हे सगळं गावच्या माणसांनी केलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक बघायला येऊ लागले, आणि गावातल्या घरांतून त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली. संवर्धनाचे पैसे कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचले. मला विचाराल तर त्या गावाचं खरं प्रशिक्षण तिथे झालं. महोत्सवात आता गर्दी जास्त होते, पिल्लांपेक्षा मोबाइल जास्त दिसतात, ही तक्रारही खरी आहे; पण ती वेगळ्या पत्राचा विषय.

२०२३ मध्ये गुहागरला दोन कासविणींना उपग्रह टॅग लावले, तेव्हा त्यांची नावं बागेश्री आणि गुहा ठेवली होती. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ते दोन-तीन महिने आमच्या जेटीवरच्या चहाच्या टपरीवर “बागेश्री कुठे पोचली?” अशी चौकशी चालायची. पोर सासरी गेल्यासारखी.

मच्छीमारांच्या कार्यशाळाही दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. कारण सगळ्यांना माहीत आहे: ३१ मार्चच्या आत निधी संपवायचा असतो. तेव्हा होड्या पाण्यात, खलाशी समुद्रात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं पडवीत जाळी विणत बसलेली असतात. त्या दोन महिन्यांत मात्र कुणी फिरकत नाही. जाळं कापून अडकलेलं कासव सोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना २०१८ च्या डिसेंबरपासून आहे. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा चित्रीकरण लागतं. ओल्या हाताने, हलत्या होडीत ते कसं करायचं, अर्ज कुठे द्यायचा, हे पडवीत बसून तासाभरात शिकवता येईल. मी आमच्या जेटीवर सहा जणांना विचारलं. योजना ऐकली होती दोघांनी, अर्ज कुणीच बघितलेला नव्हता.

संबंधित खात्यांना आणि संस्थांना माझी विनंती एवढीच, की तारीख ठरवताना कार्यालयातल्या कॅलेंडरबरोबर पंचांगही उघडा. आणि बाहेरून तज्ज्ञ आणता, त्यांना मानधन देता, तसंच मानधन कालवं काढणाऱ्या दोन बायकांनाही द्या. कुठला चिखल मुळ्यांचा आणि कुठला पायाला धरणारा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. एकदा येऊन फोटो काढून जाऊ नका. पावसाआधी आलात तर गणपतीनंतर पुन्हा या, तीच माणसं घेऊन या.

पुढच्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास आहे. मी शाळेच्या दहा मुलांना घेऊन धक्क्यावर असेन, दोघी जणी शिकवायला तयार झाल्या आहेत. ज्यांना यायचं त्यांनी सातला यावं. धक्क्यावर बॅनर बांधायला खांब नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी