कोपराचं माप

बीव्हर्टन, ओरेगन
२ मार्च

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण फोनवर निम्मा वेळ "आवाज येतोय का" यातच जातो, आणि मला हे सगळं सलग सांगायचंय. शिवाय यात मापं आहेत, आणि मापं बाबांना कागदावरच लागतात.

दिवाळीनंतर आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी एकदा सहज विचारलं, परसातलं अळू कसं आहे गं? आई म्हणाली, "असेल. आता बागकाम राहिलं माझं." एवढं म्हणून तिने लगेच ईराच्या शाळेचा विषय काढला. आई, ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर चाळीस वर्षं तू अळू, केळ, कर्दळ, गवती चहा सांभाळलास. सकाळी चहाच्या आधी हातात खुरपं घेऊन तू वाफ्यात बसलेली असायचीस, आणि आम्ही शाळेला निघताना मागे न वळता "डबा घेतला का" विचारायचीस. गुडघे वाकत नाहीत म्हणून ते सगळं संपावं, हे मला पटत नाही. गुडघे वाकत नसतील तर वाफा वर यायला हवा.

मे महिन्यात तुम्ही सहा महिन्यांसाठी येताय. तोवर घरामागे अशी बाग उभी करायची की आईला ओणवं व्हावं लागणार नाही आणि बाबांना काठी टेकत निर्धास्त फिरता येईल, हे मी त्याच रात्री ठरवलं. काम दोन-तृतीयांश झालंय.

बाबा, इथे ज्याला रेझ्ड बेड म्हणतात तो आपला गादीवाफाच. कांद्याच्या रोपाला तुम्ही करायचा तसा, फक्त तो वीतभर उंच असायचा आणि हा चारही बाजूंनी फळ्या लावून कमरेकडे आणलेला. इथे तो हवाच, कारण जमीन चिकण मातीची आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस ईशान्येकडचं बर्फाने अडलेलं मोठं सरोवर पुन्हा पुन्हा फुटलं, आणि त्या पुरांनी आणलेला गाळ या खोऱ्यात बसला. वर पावसाची तऱ्हा आपल्या अगदी उलट. शेजारच्या पोर्टलंडला वर्षाला ३६-३७ इंच पडतो, पण जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते मे या काळात. हिवाळाभर जमीन पाण्याने गच्च, आणि जुलै-ऑगस्टमध्ये थेंब नाही, मातीला भेगा. वाफा वर उचलला की मुळं पाण्यात कुजत नाहीत आणि वसंतात माती लवकर ऊब धरते.

जागा ठरवायला मी घाई केली नाही. आपण वाईत १८ अंश अक्षांशावर, मी इथे ४५ च्या वर. जूनमध्ये इथला दिवस १५ तास ४० मिनिटांचा, आपला सव्वातेरा तासांचा. डिसेंबरात मात्र भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर येतो, त्यामुळे कुंपणाची सावली अर्ध्या अंगणावर पसरते. म्हणून वाफे उत्तरेकडच्या कुंपणाजवळ घेतले. आईने गेल्या खेपेला दिलेली पांढऱ्या रांगोळीची पिशवी तशीच होती. दोरी ताणून त्या रांगोळीनेच मी वाफे आणि वाट आखली. समीर ऑफिसला जाताना थबकून म्हणाला, "दसऱ्याला वेळ आहे अजून." पावसाने दोनदा पुसली, दोनदा पुन्हा काढली, आणि प्रत्येक वेळी वाट थोडी रुंद झाली. आता ती ४ फूट आहे. दोघांना शेजारी शेजारी चालता यावं एवढी.

दोन वाफे पुरे झालेत. लांबी ८ फूट, उंची २ फूट, रुंदी फक्त ३ फूट. लोक ४ फूट रुंद करतात, कारण तरण्या माणसाचा हात दोन फूट आत पोचतो. आईला ओणवून हात लांबवायला नको, दोन्ही बाजूंनी दीड-दीड फुटात काम व्हावं, म्हणून ३. फळ्या सीडरच्या, दोन इंच जाड. याच झाडाच्या बुंध्यातून इथले मूळ रहिवासी होड्या कोरत. लाकूड ओलाव्याला दाद देत नाही, रंग-रसायन लावावं लागत नाही. ओली माती फळ्यांना बाहेर ढकलते, त्यामुळे मधोमध आडवी पट्टी घेतली. तळाला बारीक जाळी ठोकली, कारण इथेही घुशींसारखे प्राणी खालून येतात. आणि वरच्या काठावर सहा इंच रुंद सपाट फळी बसवली, आई, ती तुझ्यासाठी. तिच्यावर टेकून बसायचं, पाय खाली सरळ, आणि कडेने हात मातीत.

एका वाफ्याला ४८ घनफूट माती लागते. ती सगळी विकत घेण्यापेक्षा तळाशी फुटभर लाकडाचे ओंडके, काटक्या आणि मेपलचा पालापाचोळा दाबून घातला. ते कुजत जाईल तशी माती बसेल, मग दरवर्षी वरून भर घालायची.

मातीच्या बाबतीत एक वाईट अनुभव आला तोही सांगते. पहिल्यांदा मागवलेलं शेणखत-कंपोस्ट दिसायला काळं, भुसभुशीत, वासही चांगला. तरी बाबांचं "नवं खत आधी कुंडीत बघावं" लक्षात होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा दह्याच्या डब्यांत घेवडा लावला, तीन डब्यांत ते खत, तीन डब्यांत साधी कुंडीची माती. साध्या मातीतला घेवडा सरळ वर आला. खतातल्याची दुसरी पानं उमलतानाच मुठीसारखी आत वळली, देठ पिळल्यासारखे झाले. गवताळ कुरणांवर रुंद पानाचं तण मारायला जे औषध फवारतात त्यातली काही औषधं एवढी चिवट असतात की गवत जनावराच्या पोटातून गेलं, शेण कुजलं, तरी ती मरत नाहीत. घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांना त्याचा अंशही सोसत नाही. सगळा ढीग परत न्यायला लावला, दुसरीकडून आणला, त्यात पुन्हा घेवडा लावला, तो नीट आला, मगच वाफे भरले. बाबा, तुमच्या त्या एका वाक्याने माझी दोन वर्षं वाचली.

आता वाटेबद्दल. इथेच माझं सगळ्यात जास्त चुकलं, आणि ते तुम्हाला सविस्तर सांगायचंय.

मला वाट गोट्यांचीच हवी होती. कृष्णेच्या घाटावर आम्ही पोरं पाय सोडून बसायचो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गोटे वेचायचो, तसे गोल, गुळगुळीत. इथे नदीतून ते थेट उचलत नाहीत. सामन मासे समुद्रातून वर येतात, मादी शेपटीने नदीतळाच्या गोट्यांत खळगा करते आणि त्यात अंडी घालते. म्हणून त्या नद्यांना कायद्याचं संरक्षण आहे. दुकानात येतात ते जुन्या नदीपात्रांच्या खाणींतले. ट्रकने दीड घनयार्ड, म्हणजे दोनेक टन गोटे दारात ओतले. रात्री पाऊस झाला. सकाळी बघते तर सगळा ढीग काळानिळा चमकत होता, आणि त्यात एक गोटा असा की बारीक छिद्रं आणि प्रत्येक छिद्रात तांदळाच्या कणीएवढा पांढरा स्फटिक. बाबा, तुमच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला दगड आठवतो ना, धोम धरणाच्या बाजूला सापडलेला? हुबेहूब तोच. मग वाचलं, तर दोन्हीकडचा दगड एकाच जातीचा. आपल्या दख्खनसारखाच इथेही भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, आणि तोच बसाल्ट नद्यांनी घासून गोल केला. आपला दगड थोरला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. इथला १ कोटी ६० लाखांच्या आसपासचा. तो गोटा मी वेगळा ठेवलाय. तुम्ही आलात की दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

पंचवीस-तीस खेपा करून मी आणि समीरने ते गोटे पसरले. वाट सुरेख दिसत होती. दुसऱ्या दिवशी ईराने आजोबांची नक्कल करायला घेतली. छत्रीची काठी केली, पाठ वाकवली, आणि तुमच्यासारखी आधी काठी, मग पाऊल अशी चालू लागली. तिसऱ्या पावलाला छत्रीचं टोक दोन गोट्यांमधून खाली घुसलं, गोटे सरकले आणि ती गुडघ्यांवर पडली. सात वर्षांची पोर, उठून हसत आत पळाली. मी मात्र तिथेच उभी राहिले. तिच्या जागी मला बाबा दिसत होते.

कारण अगदी साधं आहे आणि मला कळायला हवं होतं. गोटा गोल, त्याला कड नाही, म्हणून तो शेजारच्याला धरत नाही. कितीही धुम्मस मारा, तो बसत नाही, पायाखाली फिरतच राहतो. खडी टोकदार असते, एकमेकांत अडकते, म्हणून रस्त्याला खडी घालतात. तरण्या पायांना गोट्यांवर चालायला काही वाटत नाही. काठीला आणि नव्या गुडघ्यांना ते घातक.

मग पुढचे तीन शनिवार-रविवार मधल्या तीन फुटांतले गोटे पुन्हा उचलले. खाली जाड कापड अंथरलं, त्यावर तीन इंच खडी घालून धुम्मस केली, वर कच पसरली. तिला इथे क्वार्टर मायनस म्हणतात, पण आपल्याकडे क्रशरवर मिळते तीच कच. त्यावर सपाट फरशा, एकमेकींना लागून, पाणसळ धरून, बाजूला किंचित उतार देऊन. फटींत पुन्हा कच. गोटे राहिले ते दोन्ही कडांना, सहा-सहा इंच. छपरावरचं आणि वाफ्यांतलं पाणी त्यांत जिरतं, चिखल वाटेवर येत नाही. फरशा मुद्दाम फिकट निवडल्या आणि गोटे काळे, म्हणजे संध्याकाळी चष्मा नसला तरी बाबांना वाटेची कड कळेल. आता ईराची छत्री टकटक वाजते. वाटेवर पायरी एकही नाही, आणि दर बारा-पंधरा पावलांवर टेकायला काहीतरी आहे: वाफ्याची कड, मग बाक, मग पुन्हा वाफा. बाक मेपलच्या सावलीत. सकाळचा चहा आणि पेपर तिथे.

लावायचं काय ते आईने ठरवायचं. मी फक्त इथली हवा सांगते. धुकं-दहिवर जाऊन रात्री जरा ऊबदार व्हायला मे उजाडतो, म्हणून वांगी आणि भेंडी तुम्ही आल्यावरच लावू. मेथी एप्रिलमध्ये टाकते, तुम्ही याल तेव्हा खुडायला येईल. कोथिंबीर जूनमधल्या लांब दिवसांत लगेच फुलावर जाते, तेव्हा ती आत्ता एकदा आणि ऑगस्टअखेर एकदा. अळूला एक जुना टब नळाजवळ ठेवलाय. आणि दोन वाटा मिळतात तिथे तुळशीसाठी चौथरा सोडलाय. हिवाळ्यात ती आत खिडकीत येईल, थंडी तिला सोसत नाही. आई, बियाणं मात्र पुरचुंडीत बांधून आणू नकोस, कागदपत्रांशिवाय ते विमानतळावर काढून घेतात. इथल्या भारतीय दुकानात सगळं मिळतं.

तिसरा वाफा अजून केलेला नाही. तो टेबलासारखा करायचाय, खाली मोकळा, म्हणजे खुर्ची आत सरकवून पाय पसरून बसता येईल. त्याची उंची पुस्तकातून घ्यायची नाही असं मी ठरवलंय. बाबा, एवढं काम करा: आईला जेवणघरातल्या लाकडी खुर्चीवर ताठ बसवा, चपला घालून, पाऊल जमिनीवर सपाट. हात कोपरात वाकवून पुढे धरायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. दुसरं माप जमिनीपासून मांडीच्या वरच्या बाजूपर्यंत, साडी नेसलेली असताना. दोनदा मोजा, आणि आई "कशाला एवढं" म्हणाली तरी मोजाच. खुर्चीची उंचीही लिहा, म्हणजे तेवढीच खुर्ची इथे बघून ठेवते.

फळ्या कापायच्या थांबल्यात, गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्यात. मापं कळली की त्या शनिवारी करवत काढते.

आईने व्यायाम चुकवू नये. ईराचा पापा. कळावे.

तुमची,
सुमी