नाण्यांचा फोटो छापा, माणसाचा नको

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात शेत नांगरताना नाण्यांची लोटी सापडल्याची बातमी वाचली. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, वय, वस्ती, गट नंबर, आणि बांधावर बायकापोरांसह उभा असलेला त्याचा फोटो, सगळं आहे. नाण्यांचा फोटो मात्र नाही. नाणी कुठल्या राजवटीची, तेही ‘प्राचीन’ या एका शब्दात उरकलंय. बातमी लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानंच लिहिलं असणार, शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही केलंय. पण तो फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी गलाईवाला. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या वाचकांना हा शब्द सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, सोनारांकडची मोड, म्हणजे जुने-तुटके दागिने, आटवून, तेजाबात शुद्ध करून, टंच (धातूची शुद्धता) काढून लगड, म्हणजे धातूची कांडी, परत देणारे ते गलाईवाले. आमच्या भागात पाऊस नव्हता, म्हणून पोरं देशभर पांगली. मी 1979 साली कानपूरला चुलत्यांच्या भट्टीवर लागलो आणि 2017 साली गावाकडं परतलो. अडतीस वर्षांत किती किलो धातू मुशीतून गेला याचा हिशेब नाही.

एका रात्रीचा मात्र आहे. साल 1986 असेल. ओळखीच्या सराफाचा माणूस एका खेडुताला घेऊन आला. त्याच्या गमछात एकोणीस सोन्याची नाणी, कोपऱ्यात गाठ मारून. मातीचा वास येत होता. वर फारसी अक्षरं होती. चुलत्यांनी एक नाणं कसोटीवर ओढलं, रेघ बघितली आणि मला मान हलवली. मी मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, भट्टीला लावली. नाणं मुशीत टाकलं की लगेच पाणी होत नाही. आधी मळ जळतो, मग नाणं लाल होतं, आणि त्या घडीला त्यावरची अक्षरं अशी उठून दिसतात की तोवर कधी दिसली नसतील. मग कडेनं एक चमक पळते आणि सगळं एका थेंबात गोळा होतं. वाचायची शेवटची संधी भट्टीतच मिळते. मला फारसी येत नव्हती. ती नाणी कुणाची होती, हे आता जगात कुणालाच कळणार नाही आणि त्याला मी कारण आहे.

मुशीत टाकणखार (धातू आटवताना घालायचा क्षार) टाकता टाकता मी त्या माणसाला विचारलं होतं, सरकारात का नाही दिलं? तो म्हणाला, “बताऊँगा तो माल भी जाएगा, मैं भी जाऊँगा.” तेव्हा मला हे बरोबरच वाटलं. कायदा काय म्हणतो, हे मी पन्नाशीनंतर वाचलं.

कायदा 1878 चा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि तो कोषागारात जमा करायचा किंवा जामीन द्यायचा. दहा रुपये म्हणजे त्या काळी दहा तोळ्यांचे चांदीचे रुपये, आज दोघांचा कटिंग चहासुद्धा होत नाही. कळवलं नाही तर सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद. हे सगळ्यांना अर्धवट ठाऊक असतं. जे ठाऊक नसतं ते असं की, कळवलं आणि कुणी हक्कदार निघाला नाही, तर ऐवज सापडवणाऱ्याचाच असतो. जमीन दुसऱ्याची असेल आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन भाग आणि जमीनमालकाला एक. सरकारला ऐवज हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घेता येतो. (इथं माझी तक्रार आहे. आटवणाराही धातूचाच भाव देतो. नाणं म्हणून जे मोल आहे, त्याचे पैसे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात वीस टक्क्यांवर अडकलेत.)

आता मुद्द्याचं. कळवल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीरनामा काढायचा असतो. त्यात काय लिहायचं तेही कलमात दिलंय. सापडल्याची तारीख, ऐवज काय, किती, अंदाजे किंमत, ठिकाण. हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरच्या तारखेला बोलवायचं. या यादीत सापडवणाऱ्याचं नाव नाही. 1878 साली इंग्रजांना जे छापायची गरज वाटली नाही, ते आपण फोटोसकट पहिल्या दिवशी छापतो.

त्यानं काय होतं, ते माझ्या मावसभावाच्या घरी झालं. जिल्हा आणि गाव सांगत नाही. जुन्या घराची मागची भिंत पाडताना कोनाड्याखाली एक गाडगं निघालं, त्यात एक्केचाळीस राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये. त्यानं मला फोन केला. “आण्णा, तू म्हणशील तर येतो घेऊन. गप आटवून टाकू. कुणाला कळतंय?” राणीछाप रुपया म्हणजे 11.66 ग्रॅम, टंच 91.6, आम्हाला तोंडपाठ. एक्केचाळीसचे मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाहीत. मला ती गमछातली नाणी आठवली आणि मी म्हणालो, नको, तहसीलला जा, कागद कर. तो गेला. तलाठी, पोलीस पाटील, पंच, सगळं रीतसर झालं. एक-एक रुपया मोजून पिशवीवर लाख लावली.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. एक्केचाळीस रुपयांचा ‘नाण्यांनी भरलेला हंडा’ झाला होता. मावसभाऊ दारात उभा, मागं पाडलेली भिंत.

आधी भाऊबंद आले. चार पिढ्यांपूर्वी वाटणी होऊन वेगळे झालेले, लग्नकार्यालाही न येणारे. मग उधारीवाले. मग रात्री कुणीतरी उरलेली भिंत उकरून गेलं, आणि आठवड्यानं परत एकदा. दुसऱ्या वेळी पाया इतका पोखरला की पावसाळ्यात तिकडची खोली बसली. हेही सोसलं असतं. पण एके दिवशी पांढऱ्या गाडीतून दोन माणसं उतरली, हातात नारळ. एकानं अंगणात उभं राहून जमिनीकडं बघत सांगितलं की हे तर वरचं आहे, खरं धन खाली आहे आणि त्यावर राखण आहे. आणि विचारलं, “घरात पायाळू कोण आहे का?”

पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाला काजळ लावलं की जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत आपल्याकडं किती खोल आहे ते सांगायला नको. मावसभावाची नात पायाळू आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती. गावातल्याच कुणीतरी सांगितलं असणार. वहिनींनी त्यांना हाकलून काढलं, मावसभावानं पोलिसांत तक्रार दिली, पण त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं पोरीला तिच्या मामाकडं पाठवलं. उरलेलं वर्ष ती तिकडच्याच शाळेत होती. गुप्तधनाच्या नावाखाली माणसाला छळणं, बळी देणं, याविरुद्ध आपल्या राज्यानं 2013 साली कायदा केला. कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

वहिनी मला एवढंच म्हणाल्या, “भावजी, तुमचं ऐकलं.” त्यावर मी काय बोलणार? रुपये अजून पिशवीतच आहेत.

त्याच 2013 साली मी कानपुरात होतो. गंगेकाठी उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा म्हणून गाव आहे, 1857 च्या बंडानंतर फाशी गेलेल्या राजा राव रामबक्ष सिंह यांच्या किल्ल्याचं. एका साधूला स्वप्न पडलं की किल्ल्याखाली हजार टन सोनं आहे, आणि ऑक्टोबरात पुरातत्त्व खात्यानं खरोखर खणायला घेतलं. टीव्हीच्या गाड्या, चहाचे ठेले, भजी-जिलेबी. आमच्या भट्टीवरची दोन पोरं मोटारसायकलवरून बघून आली. निघालं काय, तर खापरं आणि असंच किरकोळ. तिथं काहीच सापडलं नव्हतं, तरी जत्रा भरली. मग खरोखर काहीतरी सापडलेल्या घराची काय गत होत असेल?

म्हणून लोक आटवतात. अडतीस वर्षं मी त्यांचे चेहरे बघितलेत. त्यांना सरकारची भीती असते, पण गावाची त्याहून जास्त असते. आणि आटवल्यानं काय जातं, याचा एकच दाखला देतो. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. 13 हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची. पण त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं ठोकलेली. नहपानाच्या चेहऱ्यावरच. कुणी कुणाचं राज्य घेतलं, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा कुठला? नाणं दोनेक ग्रॅमचं धरलं तर तो सगळा साठा सव्वीस-सत्तावीस किलोंचा. आमच्या भट्टीला तीन-चार दिवसांचं काम, आणि त्यातून निघाल्या असत्या फक्त लगडी.

कुणी म्हणेल, नाव छापलं नाही तर प्रामाणिक माणसाचा मान कसा होणार? 1974 साली प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. त्यांचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे, आणि ते तिथं असावंच. पण ते काम पुस्तकांनी सावकाश करावं. गाडगं निघालं त्याच आठवड्यात, भिंत उघडी असताना, पोरगी घरात असताना, ते पेपरानं करायची घाई नको.

आपल्याकडं मागणं थोडं आहे. अशी बातमी आली तर नाव, फोटो, गट नंबर, वस्ती गाळा. तालुका लिहिलात तरी पुरे. हंडा नसेल तर हंडा म्हणू नका, एक्केचाळीस असतील तर एक्केचाळीस लिहा. नाण्यांचा फोटो दोन्ही बाजूंनी छापा, जाणकाराला विचारून ती कुणाची ते सांगा. आणि बातमीखाली चौकट टाकून एवढं लिहा की हक्कदार नसेल तर ऐवज सापडवणाऱ्याला मिळतो, दुसऱ्याच्या जमिनीत सापडला तरी तीन भाग त्याचे. हे वाक्य 1986 साली त्या गमछावाल्यानं कुठं वाचलं असतं, तर तो माझ्याकडं आला नसता.

मावसभावाची नात आता घरी परतली आहे. बसलेली खोली परत बांधायचं काढलंय. पाया खणायला मजूर गावातला लावायचा की बाहेरचा, यावर घरात वाद चालू आहे.

आपला,
एक निवृत्त गलाईवाला
ता. खानापूर, जि. सांगली

ता.क. : सोबत वेगळ्या कागदावर माझं नाव-पत्ता आणि फोन नंबर दिला आहे, तो फक्त आपल्या माहितीसाठी. छापू नये.