इकोच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

डिस्चार्ज कार्डावर पहिलं नाव कॅथेटर, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत जाणारी नळी, घालणाऱ्या सरांचं आहे, आणि ते योग्यच. त्यांचे आभार आम्ही समोर मानले. तुम्ही मात्र आमची केस संपताच पुढच्या बाळाच्या इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, धावलात, म्हणून हे जाहीर पत्र.

मुलीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. एएसडी. डावीकडचं रक्त उजवीकडे येत राहिल्याने उजवी बाजू ताणून मोठी झाली होती. 'हार्टला होल' म्हटल्यावर घरात सगळ्यांनी छाती उघडावी लागणार हे धरूनच चाललं होतं. तुम्ही स्क्रीन आमच्याकडे वळवलीत. लाल-निळा रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नसून प्रवाहाच्या दिशेचा असतो, तिथपासून सांगितलंत. मग छिद्राची कड सगळ्या बाजूंनी मोजलीत. महाधमनीकडे ती कमी होती, पण झडपेकडे आणि खालच्या महाशिरेकडे पुरेशी. ‘‘कड आहे, म्हणजे डिव्हाइसला धरायला जागा आहे.’’ म्हणजे छाती न उघडता, शिरेतून डिव्हाइस नेऊन छिद्र बुजवता येणार! तुमच्या त्या एका वाक्याने त्या रात्री झोप लागली.

एक्स-रे न वापरता फक्त इकोवर बघत डिव्हाइस बसवायचं ठरलं. लहान वयात किरणं टळतात, एक्स-रेसाठी टोचायचं रंगद्रव्यही लागत नाही. पण मग मांडीच्या शिरेतून निघालेली वायर कुठे पोहोचली, हे सांगायचा सगळा भार तुमच्यावर!

पुढचं सरांनीच सांगितलं. तुमचा इकोचा प्रोब अन्ननलिकेत, डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्याच्या, अगदी पाठीशी. निटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचं ते डिव्हाइस म्हणजे डमरूच : दोन तबकड्या, मध्ये बारीक कंबर. डावी तबकडी पलीकडे उघडून पडद्याला टेकवली, मग उजवी उघडली. सरांना वाटलं, बसलं. तुम्हाला डाव्या तबकडीची कड मायट्रल झडपेला, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला, लागताना दिसली आणि तुम्ही म्हणालात, ‘‘सोडू नका.’’ डिव्हाइस ज्या केबलला जोडलेलं असतं तिचा स्क्रू फिरवेपर्यंत ते पुन्हा नळीत ओढता येतं. ते ओढलं, फिरवून पुन्हा बसवलं, हलवून पाहिलं, आणि तुम्ही हो म्हणाल्यावरच सोडलं. एवढ्या ज्येष्ठ माणसाला ऐन वेळी थांबवायचं म्हणजे सोपं नाही. तेही थांबले, आणि आम्हाला हे हसत सांगितलं.

तुम्ही धावलात त्या बाळाची आजी बाहेर भेटली. त्याच्या मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेली. रक्त मिसळावं म्हणून पडद्यातली वाट फुग्याने मोठी करायची होती. आमचं छिद्र बुजवायचं, त्यांचं वाढवायचं! १९६६ पासूनचा हा उपाय आता बाळाच्या खाटेशीच, इकोवर बघत करता येतो, हे त्यांच्याकडून कळलं. बाळ बरं असू दे.

ॲस्पिरिन चालू आहे. उड्या मारायला अजून परवानगी नाही, त्यामुळे घरात रोज भांडण. सहा महिन्यांच्या इकोला तुमची ड्यूटी असेल तीच वेळ मागितली आहे. इकोचं जेल गार नको, असा तिचा निरोप आहे.

तुमची कृतज्ञ,
तिची आई