हमालाने पक्षात जावे, संघटना पक्षाला देऊ नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कामगार संघटनेच्या सभासदाने राजकीय पक्षात काम करावे की नाही, यावर आमच्या भागात दोन ठाम मते ऐकू येतात. एक मत असे की, संघटनेत राजकारण शिरले की संघटना फुटते, म्हणून सभासदाने मत द्यावे आणि आपले पोते उचलावे. दुसरे मत असे की, ज्या पक्षाचा आमदार असेल त्या पक्षाच्या दावणीला संघटना बांधली म्हणजे कामे होतात. मी वर्धा जिल्ह्यातील एका बाजार समितीत परवानाधारक मापारी, म्हणजे शेतमालाचे वजन करणारा, आहे, हमाल-मापाऱ्यांच्या संघटनेचा सभासद आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत एका पक्षासाठी विनामोबदला काम करणारा कार्यकर्ताही आहे. या दोन्ही मतांनी आमच्यासारख्यांचे नुकसान होत आले आहे, अशी माझी खात्री झाली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

प्रथम राजकारणापासून दूर राहण्याच्या सल्ल्याविषयी. बाजार समितीच्या संचालक मंडळात अठरा जागा असतात. त्यांपैकी अकरा सेवा सहकारी संस्थांच्या, चार ग्रामपंचायतींच्या, दोन अडते-व्यापाऱ्यांच्या आणि एक हमाल-मापाऱ्यांची. हमालीचे दर, काट्यावरची शिस्त, परवान्याचे नूतनीकरण, आवारातील शेड आणि पिण्याचे पाणी हे सर्व या मंडळासमोर येते, आणि तेथे सतरा जणांसमोर आमचा एक माणूस बसतो. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही हे खरे. परंतु कोणते पॅनेल कोणत्या नेत्याचे आहे, हे तालुक्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. उरलेले सतरा संचालक ज्या पक्षांच्या बैठकांतून ठरतात, त्या बैठकांना हमालाने जाऊच नये, असे सांगणाऱ्यांनी आमचा एकटा संचालक तेथे काय साधणार हेही सांगावे.

कायद्याच्या बाबतीतही हेच आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला. कामगार, मालक आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ, मालकाने मजुरीबरोबर भरावयाची लेव्ही आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ, अशी त्याची रचना आहे. अंगमेहनतीच्या कामगारांसाठी इतका विचार करून केलेला कायदा क्वचितच सापडेल. तो आंदोलनातून आला, पण अखेर विधिमंडळात मंजूर व्हावा लागला. आणि कायदा पुस्तकात आहे म्हणून तालुक्याच्या आवारापर्यंत तो आपोआप चालत येत नाही. मंडळावर माणसे नेमणे, निरीक्षक पाठवणे, व्यापाऱ्याकडून लेव्ही वसूल करणे या गोष्टी मंत्रालयात बसलेल्या सरकारच्या इच्छेवर चालतात, आणि सरकार पक्षांचे असते.

याहून ताजे उदाहरण २०२० च्या कृषी कायद्यांचे आहे. बाजार समितीच्या आवाराबाहेरील खरेदी-विक्रीला बाजार शुल्कातून मोकळीक देणारा कायदा त्यांत होता. शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले गेले. कायद्यांच्या बाजूने आणि विरुद्ध आमच्या तालुक्यात पुष्कळ सभा झाल्या; मात्र खरेदी आवाराबाहेर गेली तर आवारातील हमाल, मापारी आणि चाळणीवर बसणाऱ्या बायांच्या हाताला काम कोठून मिळणार, हा प्रश्न मी ऐकलेल्या एकाही वक्त्याने काढला नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतही तसेच घडले. सोयाबीनचा ४,८९२ रुपयांचा हमीभाव आणि बाजारातला प्रत्यक्ष भाव यांतील फरक प्रत्येक व्यासपीठावरून सांगितला गेला. तो सांगायलाच हवा होता, कारण आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी दोन-चार एकर कोरडवाहू आहे आणि भाव पडला की आम्हीही पडतो. परंतु तेच सोयाबीन गाडीतून उतरवणाऱ्याची हमाली किती आणि ती शेवटची कधी वाढली, याचा उच्चार कोणी केला नाही. व्यासपीठावर बसलेल्यांच्या मनात आमच्याविषयी आकस होता, असे मी म्हणणार नाही. त्यांची भाषणे ज्या बैठकीत ठरली, तेथे आमचा कोणी नव्हता.

विदर्भाला हा वाद नवीन नाही. १९२० मध्ये मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस १९२९ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात दुभंगली. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाशी सहकार्य करावे की त्यावर बहिष्कार टाकावा, यासारख्या राजकीय प्रश्नांवर मतभेद इतके वाढले की ना. म. जोशी यांच्यासारखे नेते बाहेर पडले. संघटना राजकारणाने फुटते असे म्हणणाऱ्यांच्या हाती हे उदाहरण नक्कीच आहे. परंतु त्यानंतर सातच वर्षांनी, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले आणि कामगारांनी राजकीय सत्तेकडे पाठ फिरवू नये असा आग्रह धरला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी सभागृहात त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला रस्त्यावर संपही झाला, ज्यात त्यांचा पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. सभागृहातील भाषण आणि गिरणीच्या फाटकावरील संप ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, हे त्यातून दिसले.

आमच्याच जिल्ह्यातील आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भोपाळला भारतीय मजदूर संघ स्थापन केला, तो कामगार संघटना कोणत्याही पक्षाची शाखा असू नये या भूमिकेवर. तेच ठेंगडी १९६४ ते १९७६ अशी बारा वर्षे राज्यसभेत होते. दुसऱ्या बाजूला, नागपूरच्या कामगारांत काम करणारे कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन १९५७ मध्ये विधानसभेवर निवडून आले. १९८९ मध्ये अमरावतीतून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख आणि १९९१ मध्ये वर्ध्यातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे लोकसभेत गेले. यांपैकी कोणाचा विचार कोणाला पटतो, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कष्टकऱ्यांत उठबस असलेली माणसे या मातीतून उघडपणे राजकारणात गेली आणि लोकांनी त्यांना निवडूनही दिले, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता दुसऱ्या मताकडे वळतो, कारण आज खरा धोका तिकडून आहे. मागील एका निवडणुकीत आमच्या संघटनेच्या पत्रशीर्षावर एका उमेदवाराला पाठिंबा जाहीर झाला आणि सभासदांना तो गावात वाटल्या गेलेल्या पत्रकातून समजला. सभा झाली नव्हती, ठराव नव्हता. उमेदवार चांगला की वाईट हा मुद्दा नाही. मला स्वतःला तो नापसंत नव्हता. परंतु संघटनेत चारही पक्षांना मानणारे लोक आहेत. त्यांनी महिन्याची वर्गणी दिली ती हमालीच्या दरासाठी, अपघात झाला तर मदतीसाठी आणि परवान्याच्या भांडणात कोणीतरी सोबत उभे राहावे म्हणून. त्या वर्गणीवर उभी राहिलेली पत कोणा एकाच्या खिशातून उमेदवाराला देता येत नाही. त्या निवडणुकीनंतर काही जुन्या सभासदांनी वर्गणी देणे थांबवले, आणि पुढे दरवाढीची मागणी घेऊन गेलो तेव्हा व्यापाऱ्यांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो, आता तुमच्या मागे किती जण उरले, हा.

यावरचा उपाय कायद्याने फार पूर्वी सांगून ठेवला आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसल्याने सविस्तर लिहितो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातील कलम १६ प्रमाणे नोंदणीकृत संघटनेला सर्वसाधारण निधीतून राजकीय खर्च करता येत नसे. त्यासाठी सभासदांकडून वेगळी वर्गणी घेऊन वेगळा निधी उभारावा लागे. त्या निधीतून विधिमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतील उमेदवाराचा खर्च, प्रचारसभा, पत्रके, मतदारनोंदणी असा खर्च करण्याची मुभा होती. या निधीला पैसे देण्याची सक्ती कोणावरही करता येत नसे. जो देणार नाही त्याला संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वगळता येत नसे. त्या निधीच्या कारभारात मात्र त्याला बोलता येत नसे, आणि ते रास्तच आहे. हा निधी दिला तरच सभासदत्व, अशी अट घालण्यासही मनाई होती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही स्वेच्छेच्या वेगळ्या निधीची ही तरतूद कायम ठेवली आहे. म्हणजे संघटनेने राजकारण करावे यास कायद्याची हरकत नाही. ज्याला करायचे आहे त्याने आपल्या पैशाने आणि हिशेब ठेवून करावे, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

आमच्यासारख्या लहान संघटनेत असा निधी फार मोठा होणार नाही. पण त्याची वही वेगळी असेल, तर पाठिंब्याचा निर्णय घेताना सभा बोलवावीच लागेल, आणि जो सभासद दुसऱ्या पक्षाचा आहे त्याला आपली वर्गणी कोठे गेली याची शंका उरणार नाही. याच्या जोडीला आणखी एक दंडक आम्ही स्वतःहून घालून घ्यावा, असे मला वाटते: ज्याने पक्षाचे तालुका पातळीवरील पद घेतले, त्याने संघटनेचे अध्यक्षपद किंवा सचिवपद सोडावे. सभासद म्हणून त्याचा मान तोच राहील. दर ठरवण्याच्या बैठकीत समोर त्याच्याच पक्षाचा व्यापारी बसला असेल, तेव्हा त्याची ओढाताण होऊ नये यासाठी हे आवश्यक आहे.

पक्षात जाणाऱ्या सभासदांशीही काही बोलायचे आहे. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांमुळे पक्षाचे सदस्य होता येत नाही. गावात लिहिता-वाचता येणारा, अर्ज भरून देणारा माणूस बहुधा तोच असतो, आणि तो बांधलेला आहे. हमाल, मापारी, शेतमजूर, बांधकाम मजूर यांच्यावर असे बंधन नाही. तरीही पक्षात आमचा उपयोग होतो तो सतरंज्या घालण्यासाठी, झेंडे बांधण्यासाठी आणि सभेला माणसे भरून नेण्यासाठी. सतरंजी घालण्यात कमीपणा नाही. मी घातली आहे आणि पुढेही घालीन. पण २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होते तेव्हा सोयाबीनची आवक सुरू होती, कापूस नुकताच यायला लागला होता, आणि वर्षाची कमाई ज्या थोड्या आठवड्यांत होते त्यांतली रोजी पाडून आमची माणसे बूथवर बसली. इतकी किंमत मोजणाऱ्याने पक्षाचा सदस्यत्वाचा अर्ज भरून घ्यावा, पावती घ्यावी, तालुका बैठकीची सूचना आपल्यालाही यावी असा आग्रह धरावा आणि उमेदवाराचे नाव ठरते त्या बैठकीत उभे राहून हमालीचा दर विचारावा. ज्याला हे विचारण्याची मुभा नाही, त्याला पक्षाने कार्यकर्ता म्हणू नये; त्याची रोजी द्यावी आणि मोकळे व्हावे.

मतदारयादीचे कामही असेच आहे. आमच्यातील अनेक कुटुंबे हंगामापुरती गाव सोडतात, आणि परत येईपर्यंत यादीतील नाव राहिले की गेले हे त्यांना कळत नाही. पक्षांना मतदान केंद्रनिहाय प्रतिनिधी नेमता येतात. ते काम आमच्या सभासदांनी मागून घ्यावे, कारण कोण कोठे कामाला गेले आहे हे आम्हाला घरोघर ठाऊक असते. शेजाऱ्याचे नाव यादीत ठेवताना तो कोणत्या पक्षाचा हे पाहू नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

आवारात धान्य चाळणाऱ्या आणि झाडण गोळा करणाऱ्या बायांचा प्रश्न तर आमच्या संघटनेनेही नीट हाती घेतलेला नाही. त्यांच्या नावे परवाना नाही, म्हणून हमाल-मापारी मतदारसंघात त्यांना मत नाही, आणि मत नाही म्हणून त्यांच्या मजुरीची चर्चा नाही. त्यांतील काही जणी महिला बचत गटांतून पक्षांच्या मेळाव्यांना आवर्जून नेल्या जातात. त्यांना परवाने मिळावेत ही मागणी संघटनेने बाजार समितीकडे आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पक्षाकडे एकाच महिन्यात मांडली, तर ती टाळणे कोणालाही सोपे जाणार नाही.

वेगळ्या राजकीय निधीचा आणि दोन पदे एकत्र न ठेवण्याचा ठराव मी आमच्या संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. तो मंजूर होईल की नाही हे सभासद ठरवतील. दरम्यान, आपल्या दैनिकामार्फत तालुक्यातील सर्व पक्षांच्या अध्यक्षांना माझी विनंती आहे की, हमालीच्या दराचा दरवर्षी फेरविचार करणे, चाळणीवरील बायांना परवाने देणे आणि माथाडी मंडळाची नोंदणी आवारातच होणे याविषयी आपल्या पक्षाची भूमिका त्यांनी याच सदरात आपल्या नावानिशी लिहावी. बाजार समितीच्या पुढील निवडणुकीची पॅनेले ठरण्यापूर्वी ती छापून आली, तर आम्हाला ती सभेत वाचून दाखवता येईल.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक मापारी,
जि. वर्धा